पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्ससारख्या एवढ्याशा बेटांवर लोक ट्रस्ट (आपली संपत्ती दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला द्यायची व्यवस्था) का काढतात?

कारण कायदाच तसा बनवलाय. इंटरनॅशनल ट्रस्ट्स ॲक्ट 1984 चा, पण खरी मेख 1989 च्या दुरुस्तीत आहे. समजा अमेरिकेत तुमच्याविरुद्ध निकाल लागला तरी तो कुक आयलंड्समध्ये चालत नाही, ज्याचे पैसे अडकलेत त्याने रारोटोंगाला, म्हणजे तिथल्या मुख्य बेटावर, जाऊन नव्याने केस लढायची आणि पैसे बुडवायलाच ट्रस्टमध्ये टाकले हे फौजदारी खटल्यासारखं संशयातीत सिद्ध करायचं, तेही मुदतीत, नाहीतर विषय संपला. बेटांना पर्यटनाशिवाय फार काही नाही, म्हणून ट्रस्टवाल्यांची फी हवीच असते. माझ्या मते जरा अतीच आहे हे. आणि अगदी सेफही नाही हां, 1998 मध्ये एका जोडप्याच्या ट्रस्टीने (ट्रस्ट सांभाळणाऱ्याने) पैसे परत द्यायला नकार दिला म्हणून अमेरिकन कोर्टाने त्या जोडप्यालाच अवमानाखाली आत टाकलं.