प्रदर्शनातले छायाचित्र जाहिरातीला देता येईल का?

आर्वी तालुक्यातल्या बदलत्या बाजारपेठेतील कारागिरांची छायाचित्रे तुम्ही काढता. बैलबंडीची चाके घडवणाऱ्या वृद्ध आबाजींचे छायाचित्र तुम्ही त्यांच्या तोंडी होकारावर प्रदर्शनात लावले. आता ट्रॅक्टर-ट्रॉलीचा एक विक्रेता ते फलकासाठी विकत मागतो आहे, तर त्यांचा मुलगा ते प्रदर्शनातूनही उतरवा म्हणतो. यात कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, तुम्ही नोकरीचा भाग म्हणून किंवा कोणाकडून मोबदला घेऊन ते छायाचित्र काढलेले नसेल, तर त्याचे पहिले मालक तुम्हीच आहात. परंतु आबाजींचा चेहरा जाहिरातीत वापरू देण्याची मुभा त्या मालकीत येत नाही. आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, एखाद्याचे नाव वा प्रतिमा संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग ठरतो असे सांगितले, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. प्रदर्शनासाठी मिळालेला होकार फलकापर्यंत ताणता येणार नाही. ज्या ट्रॉलीने बंडीचे काम आटवले तिच्याच जाहिरातीत त्यांना बसवणे मला अन्यायाचे वाटते. तरीही तो निर्णय आबाजींनीच घ्यायचा आहे.

प्रदर्शनाची गोष्ट निराळी आहे. ते आपल्या कामाच्या जागी, तुमच्याशी बोलत, कॅमेऱ्याकडे पाहून बसले, यावरून त्यांची संमती दाखवता येईल, आणि ते स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना मुलाला ती त्यांच्या वतीने मागे घेता येत नाही. मुलाची एक तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे. तुम्ही चित्राखाली ‘काम संपलेला कारागीर’ असे लिहिले; पण तुमच्याच पत्राप्रमाणे आजही त्यांच्याकडे बंड्या दुरुस्तीला येतात. एखाद्याच्या व्यवसायातील लौकिकाला उणेपणा आणणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील बदनामीच्या व्याख्येत येऊ शकतो. ती ओळ आजच काढा.

त्यानंतर आबाजींना स्वतः भेटा आणि मराठीत साधे संमतिपत्र करा, ज्यात प्रदर्शन, पुस्तक आणि जाहिरात यांना स्वतंत्र होकार किंवा नकार देता येईल. त्यांना वाचता येत नसेल तर मुलगा व आणखी एक साक्षीदार यांच्यासमोर ते वाचून दाखवून अंगठा घ्या. जाहिरातीला होकार आलाच, तर मोबदल्यातला त्यांचा वाटा त्याच कागदावर लिहा. विक्रेत्याला द्यायचा परवानाही लेखीच हवा. त्यात मुदत आणि क्षेत्र नमूद नसेल, तर कायदा पाच वर्षे आणि संपूर्ण भारत गृहीत धरतो. आबाजींचा लेखी होकार हाती येईपर्यंत मूळ फाइल विक्रेत्याकडे पाठवू नका.