“मला मोकळं करा” असं बाबा म्हणतात तेव्हा

“बाबा रोज तेच म्हणतात. आत्महत्येचं थेट विचारलं, तर आपणच डोक्यात भरवल्यासारखं होईल ना?” जिभेच्या कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात घरीच पॅलिएटिव्ह सेवा (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारी) घेणाऱ्या एका काकांच्या मुलाचा हा प्रश्न. अनेक घरांत दिसणारंच हे चित्र.

विचारल्याने विचार रुजत नाही. “अभद्र बोलू नका” म्हटलं की मात्र माणूस गप्प होतो, आणि घरच्यांना वाटतं, निवळलं.

घरच्यांना बाहेर थांबवून समुपदेशक खाटेजवळ बसली. “काका, देवाने लवकर न्यावं असं वाटतं, की स्वतःच जीव द्यावा असंही मनात येतं?” दोन्हींत फरक आहे. दुसऱ्याला ‘हो’ आलं, तर काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, हेही विचारायचं. काकांना बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहिलं : “रात्री येतं. ठरवलं नाही.”

रात्रीच का? तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन दर 4 तासांनी लिहून दिलेलं. पण ‘सवय लागेल’ या धास्तीने रात्री 10 नंतर थेट सकाळी 6 ला. पहाटे 2 पासून नुसता ठणका. शिवाय जखमेच्या वासाने नातू दारातूनच परत फिरायचा.

डॉक्टरांनी त्याच दिवशी रात्रीचा डोस नीट बसवून दिला, पोट साफ राहण्याचं औषध जोडलं, वासासाठी जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड सांगितली. औषधं कुलपात, एका दिवसापुरती काकूंच्या हाती. इथेच घोळ होतो : घाबरून मॉर्फिनच बंद करतात. दुखणं वाढतं, विचारही. रात्री कुणीतरी सोबत झोपायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर भिंतीवर. बेत ठरलेला असता, तर क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ.

नैराश्य ओळखताना भूक-झोपेवर भिस्त नको. ती आजारानेही जाते. आवडत्या माणसाच्या येण्यानेही चेहरा खुलत नाही, ‘मी ओझं आहे’ हेच घोकणं चाललंय, हे जास्त बोलकं. काकांचा चेहरा नातवाला पाहून खुलायचा.

पुढच्या भेटीत पाटीवर : “नळ्या नकोत.” ही आत्महत्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मुलगा कागद करायला गेला. समुपदेशकाने आत्महत्येचा प्रश्न मात्र पुढच्या प्रत्येक भेटीत विचारला. दुखणं बदललं की उत्तरही बदलतं.