न्यूनॉर्स्कसाठी वेगळा साहित्य पुरस्कार म्हणजे आरक्षणच नाही का?

प्रश्न: नॉर्वेत न्यूनॉर्स्क नावाच्या लेखनभाषेतल्या पुस्तकांना स्वतंत्र पुरस्कार देतात. जेमतेम दहा-पंधरा टक्के लोक जी भाषा लिहितात तिच्यासाठी वेगळा पुरस्कार कशाला? खुल्या स्पर्धेत हे लेखक टिकतील का? आणि भारतीय वाचकाने यातलं काय वाचावं?

उत्तर:

टिकतील का काय विचारता, टिकून बसलेत की. २०२३ चं साहित्याचं नोबेल ज्यांना मिळालं ते योन फॉसे पहिल्या कादंबरीपासून न्यूनॉर्स्कमध्येच लिहीत आलेत. त्यांच्याआधी नॉर्वेचे तीन नोबेलवाले झाले: १९०३ साली ब्यॉर्नसन, १९२० साली हामसुन, १९२८ साली सिग्रिड उंडसेट. तिघांपैकी एकही न्यूनॉर्स्कवाला नाही. म्हणजे पंचाण्णव वर्षांनी नॉर्वेत नोबेल परत आलं ते तुमच्या या आरक्षित डब्यातून उतरलं.

तुम्ही ज्या पुरस्काराबद्दल विचारताय तो १९८२ पासून दिला जातो. नोरेग्स मोललाग ही १९०६ ची भाषासंघटना आणि ऑस्लोमधलं डेट नॉर्स्के थिएटर हे नाट्यगृह मिळून तो देतात. कथा-कादंबरी, कविता, वैचारिक, काहीही चालतं, फक्त पुस्तक न्यूनॉर्स्कमध्ये हवं. फॉसेंना तो नोबेलच्या कितीतरी आधी मिळाला होता. या नाट्यगृहाचाही इतिहास वाचा. १९१३ मध्ये तिथे खेळ सुरू झाले तेव्हा राजधानीतल्या सुशिक्षित पोरांनी शिट्ट्या मारून प्रयोगांत गोंधळ घातला होता. का, तर रंगभूमीवर ही शेतकऱ्यांची भाषा कशाला! तेव्हा वेगळा पुरस्कार का, हे ज्यांना शिट्ट्या खाव्या लागल्या त्यांना विचारावं.

आता मला राग का आला ते सांगते, कारण हा प्रश्न मी आमच्या घरातच ऐकलाय, जवळपास याच शब्दांत.

आम्ही मूळचे जळगावकडचे. घरात लेवा गणबोली. मी पुण्याला कॉलेजात आले तेव्हा तोंड उघडलं की मागच्या बाकावर हसू फुटायचं. एका बाईंनी तर वर्गात उभं करून “आधी शुद्ध बोलायला शिक” असं सुनावलं होतं. त्याच बाई पुढच्या आठवड्यात बहिणाबाईंची कविता शिकवताना डोळे पुसत होत्या. असो.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्वेला आलो. ऑस्लोला नाही, पश्चिम किनाऱ्यावर सुनमोर भागात, जिथे जहाजं बांधतात. इथल्या बहुतेक गावांतल्या शाळा न्यूनॉर्स्कच्या. नॉर्वेची दुसरी लेखनभाषा बोकमॉल, बहुसंख्य लोक लिहितात ती. धाकटे दीर मात्र ऑस्लोजवळ, आयटीत, छान बंगला वगैरे. मुलगी पहिलीत जायची वेळ आली तेव्हा भाऊजींचा फोन आला. “वहिनी, पोरीला बोकमॉलच्या वर्गात घाला. ती खेड्यातली भाषा घेऊन पुढे काय करणार?”

इथला कायदा असा की प्राथमिक शाळेत एका इयत्तेत किमान दहा मुलांच्या पालकांनी मागितलं तर दुसऱ्या लेखनभाषेचा वेगळा वर्ग काढावा लागतो. आमच्या गावात बाहेरून आलेल्या पालकांनी ते मनावर घेतलं होतं. काही पोलिश, काही पूर्व नॉर्वेतून बदलून आलेले. एका संध्याकाळी त्यातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. दारात बूट काढले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटातून तो कागद काढला. नऊ नावं होती. दहाव्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली करून आणली होती, म्हणजे सही कुठे करायची ते मला शोधायला नको. मी पोहे केले होते, ते त्यांनी आवडीने खाल्ले. गोड बोलत होत्या. म्हणाल्या, तुमची मुलगी उद्या ऑस्लोला शिकायला जाईल, तिला हे ओझं कशाला? नवरा गप्प. त्याच्या भावाने त्याला आधीच पटवून ठेवलं होतं.

मी सही केली नाही. कारण मोठं उदात्त नव्हतं. खिडकीतून समोरचं अंगण दिसत होतं, तिथे माझी मुलगी शेजारच्या पोरांबरोबर त्यांच्यासारखीच सुनमोरची बोली फाडफाड बोलत होती. त्या पोरांपासून तोडून तिला बाहेरच्यांच्या वर्गात बसवायचं, आणि वर हे शिकवायचं की तू अंगणात बोलतेस ते कागदावर लिहायच्या लायकीचं नाही? ते मी पुण्यात शिकून आले होते. पुन्हा फी भरायची इच्छा नव्हती.

वर्ग निघाला नाही. त्या बाई नंतर दुकानात दिसल्या की दुधाच्या कपाटाकडे वळायच्या. त्यांचंही मी समजू शकते, त्यांचं पोर त्यांना ओळखीच्या भाषेत वाढवायचं होतं. पण दहावं नाव माझंच का हवं होतं, त्याचा राग मला अजून आहे.

शाळेत डबा खायच्या वेळी शिक्षिका गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात, ही इथली पद्धत. माझी लेक पोळीचा रोल खात मारिया पार ऐकायची. मारिया पार याच सुनमोरची, वानिल्वन गावची. तिच्या पहिल्या पुस्तकात त्रिल्ले आणि लेना अशी दोन पोरं आहेत, ती काकाच्या होडीत जनावरं भरून नोहाची नौका करायला निघतात. लेक घरी येऊन ते सगळं मला जसंच्या तसं सांगायची, हसता हसता घास अडकायचा. नंतर शाळेची सहल ओर्स्टाला गेली, ईवार ओसेनच्या घरी. ओसेन छोट्या शेतकऱ्याचा मुलगा. १८४० च्या दशकात गावोगाव फिरून त्याने बोली टिपून घेतल्या आणि त्यांच्यावरून ही लेखनभाषा उभी केली. १८८५ मध्ये संसदेने तिला दुसरीच्या बरोबरीचा दर्जा दिला. तिथे आता संग्रहालय आहे. लेकीने तिथून खोडरबर आणला, बाकी काही लक्षात नाही असं म्हणाली. मुलंच ती.

मग एका गणपतीला भाऊजींकडे गेलो. आरती झाली, मोदक झाले, माणसं सैलावली. लेक तिच्या चुलतभावाला काहीतरी लिहून दाखवत होती, तर भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, राग मानू नका, पण ही भाषा सरकारच्या सलाईनवर आहे. पुस्तकं सरकार विकत घेतं, पुरस्कार हे लोक आपसात वाटून घेतात. खुल्या बाजारात दोन दिवस जगणार नाही.” सगळे हसले. माझ्या हातात प्रसादाचं ताट होतं, आणि पाहुण्यांसमोर दिराशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. तेव्हा गिळलं, आज लिहिते.

भाऊजी, सरकार पुस्तकं विकत घेतं हे खरं. १९६५ पासून सांस्कृतिक मंडळ नव्या नॉर्वेजियन ललित पुस्तकांच्या प्रती घेऊन वाचनालयांना वाटतं. पण ती योजना दोन्ही लेखनभाषांसाठी आहे. सलाईन म्हणायचंच असेल तर तुमच्या बोकमॉलच्या हातालाही सुई आहे, आणि बाटली मोठी आहे. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशात बोकमॉलचा कवी तरी कुठे खुल्या बाजारात जगतो?

दुसरं, आपसात वाटून घेतात म्हणालात. तारयेई वेसोसचं काय? तेलेमार्कमधल्या विन्ये गावचा, शेतकऱ्याचा थोरला मुलगा, पिढीजात शेती त्याच्याकडेच यायची, ती सोडून लिहायला बसला. ‘बर्फाचा महाल’ या कादंबरीला १९६४ मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा पुरस्कार मिळाला. तो स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड सगळ्यांशी स्पर्धा करून मिळतो. त्या पैशांतून वेसोसने नवोदित लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि तो कुठल्याही एका लेखनभाषेपुरता ठेवला नाही. पुढच्याच वर्षी तो यान एरिक वोल्डला मिळाला, जो बोकमॉलमध्ये लिहितो. आरक्षित डब्यातला माणूस खाली उतरून सगळ्या गाडीची तिकिटं काढतो, याला तुम्ही काय म्हणाल?

खुला बाजार हवा ना? ब्रागे पुरस्कार घ्या. १९९२ पासून दरवर्षी देतात, सगळे भांडतात तिथे. शेरेबाजी नको, नावं देते. फ्रूडे ग्रित्तन, १९९९, ओड्डा या कारखान्यांच्या गावातल्या एका चाळवजा इमारतीची कहाणी. कार्ल फ्रूडे तिलर, २००७. ऊलाउग निल्सन, २०१७, स्वमग्न मुलाच्या आईबद्दलचं पुस्तक, मी ते एका बैठकीत संपवलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. फॉसे, २०२१. परत ग्रित्तन, २०२३, फेरीबोट चालवणाऱ्या माणसाचा शेवटचा दिवस. सगळे न्यूनॉर्स्कवाले. आणि नॉर्डिक कौन्सिलचा पुरस्कार वेसोसनंतर १९७८ मध्ये शार्तान फ्लॉगस्ता, २०१५ मध्ये फॉसे. दहा-पंधरा टक्क्यांच्या मानाने हिशेब तुम्हीच करा, तुम्ही आयटीतले.

५ ऑक्टोबर २०२३ ला दुपारी घरच्या ग्रुपवर भाऊजींचा संदेश आला: नॉर्वेला नोबेल, अभिमानाचा क्षण, तीन झेंडे. मी फक्त विचारलं, “कुठल्या भाषेत?” निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

तर मूळ प्रश्नाकडे. वेगळा पुरस्कार कशाला, तर लेखक कमी दर्जाचे म्हणून नव्हे. पुस्तकांच्या दुकानाच्या दर्शनी मांडणीत, वर्तमानपत्रांत, ऑस्लोच्या गप्पांत बहुसंख्यांची भाषा आपोआप पुढे असते. वर्षातून एकदा तरी फक्त याच पुस्तकांकडे बघून कोणीतरी निवड करावी, एवढाच अर्थ. शाळेची पाठ्यपुस्तकं दोन्ही भाषांत एकाच वेळी, एकाच किमतीत आली पाहिजेत असा इथे नियम आहे, त्यालाही कोणी आरक्षण म्हणत नाही.

काय वाचावं? नोबेल ऐकून सरळ फॉसेंची ‘सेप्टोलॉजी’ उचलू नका. सात भाग आणि पूर्णविराम नाही, बहुतेक लोक विसाव्या पानावर सोडतात आणि मग लेखकाला नावं ठेवतात. त्यांचं ‘सकाळ आणि संध्याकाळ’ छोटं आहे, एका कोळ्याचा जन्म आणि मृत्यू. पण पहिलं वेसोसचं ‘बर्फाचा महाल’च घ्या, दोन अकरा वर्षांच्या मुली, थंडी आणि गोठलेला धबधबा. इंग्रजीत सहज मिळतं. घरात लहान मूल असेल तर मारिया पार, मोठ्याने वाचायला. कविता वाचत असाल तर ऊलाव हाउगे. उल्विकमध्ये सफरचंदाची बाग सांभाळायचा आणि लिहायचा. इंग्रजी अनुवादात न्यूनॉर्स्क की बोकमॉल हे तुम्हाला कळणारही नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर भाऊजी सांगतील. न्यूनॉर्स्क म्हणजे आपल्या अर्थाने बोली नाही. ती बोलींवरून बांधलेली प्रमाणभाषाच आहे, तिलाही व्याकरणाचे मास्तर आहेत आणि तेही लाल पेन चालवतात. बहिणाबाईंशी तुलना त्यामुळे अर्धीच लागू पडते. हे साहित्यिक वर्तुळ छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, तीच तीच नावं पुरस्कारांत फिरतात, हा भाऊजींचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. आणि न्यूनॉर्स्कमध्ये शिकलेली पुष्कळ मुलं पुढच्या शिक्षणात, नोकरीत बोकमॉलकडे वळतात. माझी लेक आता त्रोनहाइमला शिकते. मैत्रिणींना मेसेज बोकमॉलमध्ये करते, घाईत इंग्रजीत. परीक्षेचे पेपर न्यूनॉर्स्कमध्येच लिहिते, त्यातही मी विचारलं तर “सवय आहे म्हणून” एवढंच म्हणते. मला ते पुरतं. तुम्ही पुण्या-मुंबईत राहून घरात मुलांच्या वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीवर हसत असाल, तर नॉर्वेच्या पुरस्कारांची चिंता जरा नंतर करा.