वाचकांचे प्रश्न : अकरा ठिकाणे पाहिली, पण मन कुठेच बसले नाही

प्रवास, निसर्ग आणि कला यांतून मनाला उभारी मिळते का, असे विचारणारी पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात. त्यांपैकी तीन पत्रे कोकणाशी निगडित असल्यामुळे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 59 असून मी ठाण्यात राहते. बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी यजमान गेले. त्याला आता चौदा महिने झाले. मुलाने मोठ्या प्रेमाने माझ्यासाठी कोकण दर्शनाची सहल ठरवली. सहा दिवसांत आम्ही अकरा ठिकाणे पाहिली. गणपतीपुळ्याला समुद्रासमोर उभी राहिले तेव्हा सोबतच्या बायका हरखून गेल्या होत्या, पण मला काहीच वाटले नाही. उलट परतल्यावर जास्तच गळून गेले. निसर्गात मन रमते असे सगळेच म्हणतात, मग माझेच काही चुकते आहे का? लग्नाआधी मी चित्रे काढत असे. आता वही समोर घेतली तरी हात वळत नाही. माझे आजोळ कुडाळजवळ होते, पण तिथे आता आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही.

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकलेले नाही. सहा दिवसांत अकरा ठिकाणे म्हणजे प्रत्येक ठिकाणी फार तर तासभर; आणि त्या तासातही चपला काढणे, दर्शन घेणे, रांगेत उभे राहणे, फोटो काढणे आणि बस सुटेल या धास्तीने घड्याळ पाहणे हे सगळे आलेच. ज्याचे माणूस गेले आहे त्याच्या मनाला नव्या जागी नुसते टेकायलाही एक-दोन दिवस लागतात, हे सहल आखणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी परवडत नाही. मुलाच्या मायेत काही कमी नव्हते, परंतु तुम्हाला बघण्यापेक्षा बसण्याची गरज होती.

म्हणून माझे म्हणणे असे की पुन्हा जा, मात्र एकाच गावी जा आणि निदान पाच रात्री राहा. कुडाळ परिसर त्यासाठी मला योग्य वाटतो, कारण तिथे कोणी आपले उरले नाही असे तुम्ही म्हणता तरी आजोळची बोली कानावर पडेल आणि तिला तुम्ही परक्या नसाल. जाताना दिवसाची गाडी घ्या. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तोवर बाहेरची भातशेते दाखवणारी खिडकी तिथे एकदम काळी होते आणि काचेत आपलाच चेहरा दिसू लागतो. बहुतेक लोक त्या वेळी मोबाइल काढतात. तुम्ही काढू नका, इतकेच सांगतो.

कुडाळहून मालवणच्या बाजूला जाताना धामापूरचा तलाव आहे. 1530 साली बांधलेला हा तलाव आजही पाण्याने भरलेला असतो आणि त्याच्या काठावर भगवतीचे देऊळ आहे. सकाळी तिथल्या पायऱ्यांवर वही घेऊन बसा, पण तलाव काढायला जाऊ नका. समोरचे डोंगर, झाडी आणि त्यांचे प्रतिबिंब असे सगळे एकदम कागदावर आणायला गेलात तर हात पुन्हा अडेल. एक चिरा निवडा. जांभा दगड जवळून पाहिला तर त्याला असंख्य भोके असतात, काही भोकांत शेवाळ धरलेले असते, कुठे मुंगी आत शिरते आणि दुसरीकडून बाहेर येते. ओला चिरा गडद तांबूस दिसतो आणि वाळत जातो तसा कडेकडेने फिकट होत जातो. एवढे एका सकाळला पुरेसे आहे. दुसऱ्या दिवशी तोच चिरा पुन्हा काढा. चित्र चांगले येते की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीला अवश्य जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. एका आख्यानाच्या चित्रांचा जो संच असतो त्याला ते पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरून कथा गातो आणि तो प्रसंग संपला की पुढचे चित्र घेतो. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही याच मंडळींनी टिकवले. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या घराच्या आवारात गोठ्याच्या जागेत उभे राहिलेले छोटे संग्रहालय आजही पाहायला मिळते. तिथल्या चित्रांतले डोळे मोठे आणि रेषा धीट आहेत. दुरुस्तीची, खाडाखोडीची काळजी त्यांत दिसत नाही. हात वळत नसलेल्या माणसाने ती चित्रे पाहावीत असे मला वाटते.

आता मुख्य गोष्ट. कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. तुमचा मुक्काम शक्यतो त्या दिवसांत ठेवा. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे हे ठरले की नट आपापली भूमिका मनात धरून उभे राहतात आणि संवाद तिथल्या तिथे रचतात. राजाचे सिंहासन म्हणजे एक साधे लाकडी बाक. नाटक सुरू होण्याआधी परवानगी घेऊन रंगपटात डोकावलात तर एक दृश्य दिसेल. दिवसा शेतात किंवा रोजंदारीवर राबणारा एखादा गडी मांडी घालून बसलेला असतो, डाव्या हातात तळव्याएवढा आरसा असतो, आणि उजव्या हाताच्या बोटाने तो चेहऱ्याला आधी खोबरेल, मग रंग, आणि शेवटी डोळ्यांना काजळ लावतो. हे सारे तो स्वतःच करतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. मिशी तासलेल्या त्या चेहऱ्यातून हळूहळू एक राणी वर येते.

सुरुवातीला काळ्या वेषातला संकासुर मालवणीतून सगळ्यांची टर उडवतो, लोक पोट धरून हसतात. मध्यरात्र उलटली की मूळ आख्यान रंगात येते, आणि कधी तरी त्या राणीच्या विलापाची जागा येते. मृदंग थांबतो, पेटीचा एकच सूर धरलेला असतो. अशा वेळी मी मागे वळून पाहिले आहे : चटईवर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावत असतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. रडण्याचे निमित्त पुराणातले असते, त्यामुळे संकोच वाटत नाही. आणि अंधारात शेजारीण कशासाठी रडते आहे हे विचारण्याची रीत नाही. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, माणसे चटया गुंडाळून घरी जातात आणि गुरांना वैरण घालतात. घरातल्या बंद खोलीत जे तुम्हाला चौदा महिन्यांत जमले नसेल, ते कदाचित त्या चटईवर जमेल. हमी मी देत नाही.

एक माझा अनुभव सांगतो. आई गेली त्या वर्षी मे महिन्यात मी गावी होतो. शेजारच्या काकींनी सांत्वनाचा एक शब्दही न बोलता माझ्यापुढे रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पाटी सरकवली आणि म्हणाल्या, ‘बस, फोड.’ रातांबा फोडायचा, बिया वेगळ्या करायच्या, साली उन्हात घालायच्या. मग बियांच्या रसात मीठ घालून त्यात साली भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या. अशी पुटे चढत गेली की सोलं तयार होतात. दहा-बारा दिवस माझी बोटे जांभळट लाल होती, आणि त्या दिवसांत मला झोप लागत होती. तुम्ही ज्यांच्या घरी उतराल त्यांच्याकडे असे एखादे काम मागून घ्या. पाहुणीला काम कसे सांगायचे म्हणून त्या आढेवेढे घेतील, तरी नेट धरा.

मात्र भूक आणि झोप अनेक आठवडे उडालेली असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. धामापूर पाचशे वर्षे तिथेच आहे, आणखी महिनाभर थांबेल.

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. नोकरी सोडून तीन महिने कोकण किनाऱ्याने पायी चालावे आणि स्वतःला शोधावे असे मनाने घेतले आहे. वडील याला खूळ म्हणतात. तुम्हाला काय वाटते?

उत्तर : मी निम्मा तुमच्या वडिलांच्या बाजूने आहे. राजीनामा देऊन निघालात तर प्रत्येक पावलाकडून तुम्ही परतावा मागाल, आणि समुद्राला असले हिशेब कळत नाहीत. दहा दिवसांची रजा काढा. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेसवीला उतरा, तिथून बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै असे करत दाभोळला या. दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीवरची फेरी घेऊन गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि शेवटी तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड. उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात तर मुळीच नको, मार्गशीर्ष-पौष बरे.

हा किनारा तुम्हाला सर्वांत आधी थांबायला शिकवेल, कारण खाडी आली की फेरीची वाट पाहावीच लागते, आणि पुळणीवरून चालायचे तर ओहोटी हवी. भरतीचा जुना ठोकताळा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी : अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, दिवसातून दोनदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हे गणित अंदाजापुरते आहे. खडकाळ टप्प्यावर पाऊल टाकण्याआधी गावातल्या कोळ्याला विचारावे. हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी पाणी कसे उसळते हे दुरूनच पाहा, काठावर उभे राहून फोटो काढण्याचा मोह आवरा.

रजेचे दिवस उरले तर एसटीने राजापूर तालुक्यात कशेळीला जा. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या खडकात कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्या हत्तीच्या अंगातच इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा काही कातळशिल्पांचा 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे, कारण तिरपे ऊन पडले की उथळ रेषाही उठून दिसतात; भर दुपारी त्याच रेषा सपाट होतात आणि पाहणारा ‘यात काय आहे’ असे म्हणून परततो. रेषांवर पाय देऊ नका. ज्यांनी हे कोरले त्यांचे नाव, गाव, भाषा काहीच आपल्याला ठाऊक नाही, आणि त्यांनीही ते सांगून ठेवण्याची खटपट केलेली दिसत नाही. स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाने त्या हत्तीजवळ तासभर बसावे.

रोज संध्याकाळी वहीत एवढेच लिहा : आज आपण होऊन कशापाशी थांबलो? होड्यांची डागडुजी करणाऱ्यापाशी, पक्ष्यांपाशी, की कोणाच्या ओसरीवरच्या गप्पांपाशी? दहा दिवसांची ती यादी वडिलांनाही दाखवा, नोकरीचे बोलणे त्यानंतर करा. मी स्वतः पंचविशीत असाच निघालो होतो. चौथ्या दिवशी टाचांना फोड आले आणि वस्तीच्या एसटीने घरी परतलो. नव्या चपला घालून लांब चालू नये, एवढा एकच शोध मला त्या खेपेस लागला.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचे घरगुती निवास आहे. मुंबई-पुण्याची माणसे आमच्याकडे शांततेसाठी येतात आणि मी पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत त्यांच्यासाठी राबते. समुद्र घरापासून दोन मिनिटांवर आहे, पण मी शेवटची केव्हा गेले ते आठवत नाही. पूर्वी रांगोळी फार हौसेने काढायची. सगळे कोकणात येतात, मग आम्ही कुठे जायचे?

उत्तर : वरची दोन उत्तरे लिहून झाल्यावर तुमचे पत्र पुन्हा वाचले आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. ठाण्याच्या ताईंना मी ‘काम मागून घ्या’ म्हणालो. तुम्हाला उलट सांगायला हवे.

गणपती गेले की पाहुण्यांची वर्दळ थोडी ओसरते. त्या पंधरवड्यात गावाच्या सड्यावर जा. गुरे राखायला किंवा लाकडे आणायला तुम्ही तिथे शेकडो वेळा गेला असाल, पण फुले पाहायला म्हणून गेला नसाल. सीतेची आसवे निळ्याजांभळ्या रंगाची असतात, पांढरे गेंद असतात, पिवळा कवला असतो. सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर आणि तोही निकस, म्हणून सीतेच्या आसवांनी वेगळी सोय केली आहे : मुळांजवळच्या बारीक फुग्यांत ती सूक्ष्म जीव पकडतात आणि त्यांवर पोसतात. इतकी नाजूक दिसणारी फुले आपल्या पोटापाण्याची अशी व्यवस्था करतात हे तुम्हाला नक्की आवडेल.

दुसरे, चिपळूणहून गाडीने सावंतवाडीला जा आणि दोन रात्री राहा. तिथल्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना पाहता येतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात 120 गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तळहाताएवढ्या वर्तुळात मत्स्य किंवा वराह बसवताना हात कुठे टेकवतात आणि कुंचला कसा धरतात, याकडे रांगोळी काढणाऱ्याचे लक्ष बरोबर जाईल. संध्याकाळी मोती तलावाच्या काठाने चाला.

निघण्याआधी दाराला ‘दोन दिवस बंद’ अशी पाटी लावा; कारण लिहू नका. आणि गाडीत खायला म्हणून डबा करून घेण्याचा विचार मनात येईल, तो तेवढा टाळा. ते दोन दिवस दुसऱ्याच्या हातचे जेवा, मीठ कमी पडले असेल तरी.