सिम्युलेटरमध्ये फॉर्म्युला रेसिंग गाडी वेगात चिकटून चालते, पण हेअरपिनमधून (यू आकाराच्या हळू वळणातून) बाहेर पडताना गरकन फिरते, काय करू? याआधी कोल्हापुरात कार्टिंग केलंय.

स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल तितकाच ॲक्सिलरेटर दाबा आणि हळू वळणातून एक गिअर वरचा ठेवून बाहेर पडा. वेगात गाडी चिकटून चालते आणि हेअरपिनलाच फिरते म्हणता, त्यात सेटिंगचा दोष कमी. विंगांचा (गाडीला हवेच्या जोरानं रस्त्यावर दाबणाऱ्या पंखांचा) दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी २४० किलोमीटरला जो दाब असतो, त्याचा १२० ला चौथा हिस्साच उरतो, इंजिनाची ताकद मात्र तशीच राहते. ब्रेकचंही तेच: सुरुवातीला जोरात, मग वेग उतरेल तसा पाय सैल, नाहीतर चाकं लॉक होणार.

मागची बाजू सुटलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलू नका. वजन पुढं सरकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. ॲक्सिलरेटर थोडा कमी करा, उलटं स्टिअरिंग द्या आणि लगेच परत आणा.

कोल्हापुरात कार्टिंग केलंय म्हणालात, ती सवयच इथं नडते (मलाही पहिले काही महिने नडली). कार्टला मागं सलग ॲक्सल असतो, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतो, म्हणून तिला वळणात फेकावी लागते. ही गाडी फेकली की गेलीच.

एक मात्र आहे: सिम्युलेटरमध्ये १९६७ ची लोटस ४९ ही जुनी फॉर्म्युला वन गाडी घेतलीत तर विंगांचा हिशेब विसरा. तिला तेव्हा विंगाच नव्हत्या आणि ताकद सुमारे ४०० हॉर्सपॉवर. ती वेगवान वळणातही घसरते, ॲक्सिलरेटरनंच सांभाळावी लागते.