बिलोचा आकडा

प्रिय लेकरा,

सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून तुझी नोंदणी झाली, हे तुझ्या वडिलांकडून कळलं. पेढे नंतर खाऊ. सरकारी बांधकामांच्या वाटपात काही कामं तुम्हा नोंदणीवाल्यांना, काही मजूर संस्थांना आणि काही खुल्या निविदेला, हे तुला ठाऊकच आहे. पण तुझा जीव खुल्या निविदेत अडकलाय, म्हणून हे लिहितोय.

बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा, तिच्यात दर अंदाजपत्रकातच दिलेले असतात. आपण फक्त किती टक्के वर किंवा खाली, म्हणजे बिलो, एवढं सांगायचं. एकच आकडा, म्हणून पोरं तो चहाच्या टपरीवर बसून ठरवतात. मीही एकदा तसाच ठरवला. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातला सिमेंट रस्ता, अंदाजपत्रक दहा लाखांचं. मी २२ टक्के बिलो भरलं, म्हणजे ७ लाख ८० हजार. काम मिळालं, गुलाल उधळला. जागा मात्र पाहिलीच नव्हती. खोदायला लागलो तर खाली नुसती काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मुरूम लांबून आणावा लागला. त्यात एवढं खाली गेलं की अतिरिक्त सुरक्षा ठेव मागतात. ती तुझ्या काकूच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. पाटल्या सोडवायला दोन सुग्या गेल्या.

म्हणून आधी पहार घेऊन जागेवर जा, खड्डा खण. मुरूम, खडी, वाळू किती किलोमीटरवरून येणार ते ट्रॅक्टरवाल्यालाच विचार. पाणी कुठून, तेही बघ. आपल्याकडं मार्चनंतर टँकर काही फुकट येत नाही. मग टक्का काढ. परवडत नसेल तर सोडून दे, त्यात लाज नाही.

दुसऱ्या ठेकेदाराचा फोनही येईल, ‘या खेपेला तू जास्तीचा दर भर, पुढचं काम तुझं.’ गावाकडं याला समजूतदारपणा म्हणतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या लेखी ते निविदेतलं संगनमत असतं आणि दंड उलाढालीच्या हिशोबानं बसतो. शिवाय ‘पुढचं काम’ कधीच येत नाही, हा माझा अनुभव.

महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावरच्या बीओक्यू, म्हणजे दर भरायच्या, फाईलचं नाव बदलू नकोस, नाहीतर निविदा बाद होते. शुद्धिपत्रक निघालंय का ते शेवटच्या दिवशीही पाहा. सगळी कागदं चढवली तरी ‘फ्रीज’चं बटण दाबल्याशिवाय निविदा गेली असं समजू नकोस. आमच्यातल्या एकानं बयाणा भरला, लिफाफे चढवले आणि शेवटच्या तासाला लाईट गेली. तू आदल्या दिवशीच उरक.

रविवारी ये. अंदाजपत्रकाची प्रत आण, पहार माझ्याकडं आहे.

तुझा काका