आजोबांच्या ट्रंकेत बिनकागदाचं मेडल सापडलंय, कुठल्या लढाईतलं ते कसं शोधू?

पहिलं म्हणजे चिंच, पीतांबरी, राख काहीही लावू नका, कारण आमच्याकडे नेमकं तेच झालं.

आमचं गाव खानापूरजवळ. देवघरात टाकांच्या ओळीत एक चांदीचा गोल तुकडा होता, त्यावर घोडेस्वार, आणि आज्जी त्याला खंडोबा म्हणून रोज कुंकू लावायची. स्वाराच्या अंगावर कपडे नाहीत, घोड्याच्या पायाखाली कवटी, पण कुंकवाच्या थरात कुणाला दिसणार ओ! ती गेल्यावर कोमट पाण्यात भिजवून साफ केला तर खाली १९१४ आणि १९१८, उलटीकडे पंचम जॉर्ज. म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. आता चेहरा सोडा, कड बघा. त्या युद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. आमची कड वर्षानुवर्षं चिंचेनं घासून झिजलेली, मग रात्री मोबाईलचा टॉर्च आडवा धरून झूम केलं तेव्हा पणजोबांचं अर्धं नाव आणि '११४' एवढं लागलं.

घरात सगळे सांगायचे पणजोबा 'जर्मनला' गेलते. पण ११४वी मराठा पलटण मेसोपोटेमियात लढली, म्हणजे आत्ताचा इराक, १९१८ला शरकातच्या लढाईत पण होती. शत्रू तुर्क, पण युद्ध जर्मनचं म्हणून गावाच्या तोंडी जर्मनच बसलं असणार, हा माझा अंदाज. आणि गंमत बघा, १९२२च्या फेररचनेत हीच पलटण ट्रेनिंग बटालियन झाली, बेळगावात. मी रोज कॅम्पातून गाडी घेऊन जातो आणि मला पत्ता नाही!

तुमच्याकडे घोडेस्वाराऐवजी पंखवाली बाई असेल तर ते व्हिक्टरी मेडल, कड त्याचीही वाचा. सहा टोकांचा तारा असेल तर दुसरं महायुद्ध, त्यात आफ्रिका, इटली, बर्मा असं तोंडावरच लिहिलेलं असतं. पलटण कळली की जुन्या पेन्शनचे कागद हुडका, आमचे रेशनकार्डाच्या पिशवीत निघाले. माणूस युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साईटवर नाव टाकून बघा, स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हेनं टाका, कारकुनानं ऐकून लिहिलेलं असतंय. जिवंत परतलेल्यांची नावं तिथे नसतात.

कडेचा फोटो टाका की, बघू काय लागतंय ते.